थोरली, धाकटी आणि साडेतीन तास

...नाही, पण चालत होतं हो! चांगलं चालत होतं! आता सुरेख चालत होतं असं मी म्हणत नाही, खुरडत चालायचं, सुरू होईपर्यंत माणसाची दाढी आटपावी इतका वेळ घ्यायचं, मध्येच एकदा अडखळायचं, पण चालत होतं ना? मग या चालत्या गाडीला खीळ कुणी घातली? मी घातली! कुणी सांगितलं होतं? कुणी नाही! बायकोनं एवढंच मागितलं होतं की शाळेच्या वेळापत्रकातले माझे थोडे तास इकडचे तिकडे करून दे, हातानंच कर. म्हणजे म्हणाली नाही, पाटीवर लिहिलं. ‘हातानंच’ या शब्दाखाली दोन रेघासुद्धा मारल्या होत्या. पण ऐकेन तर मी कसला... आणि थांबा, पाटी कशाला ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटायचं आमच्यात अबोला आहे. अबोला परवडला! अबोल्यात माणूस निदान भांडी तरी आपटतं.

तुम्हाला सांगतो, आमची ही शाळेत भाषा शिकवते. मोठे वर्ग, उंच छत, खिडकीखाली रस्ता, त्यावर दिवसभर गाड्यांचे भोंगे, आणि अगदी मागच्या बाकावर पेंगणाऱ्या कार्ट्यापर्यंत कविता पोचलीच पाहिजे हा हिचा हट्ट. मग काय होणार? घसा बसला. बसला तो उठायचं नावच घेईना. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून आत बघितलं आणि म्हणाले, आवाजाच्या पट्ट्यांवर घट्टे पडलेत, कुदळ मारणाऱ्याच्या हाताला पडतात तसे. बोलणं निम्म्यावर आणा, येत्या सहामाहीत आणलंत तर आपोआप उतरतील, नाही आणलंत तर कापावे लागतील, आणि कापल्यावर हाच आवाज राहील याची हमी मी देत नाही. हे सगळं अगदी सहज, चिठ्ठी लिहिता लिहिता. मी विचारलं, मग हिचं शिकवणं? तर म्हणाले, ते तुम्ही बघा, मी फक्त घसा बघतो.

मग हिनंच ठरवून टाकलं. आवाज जेवढा आहे तेवढा सगळा शाळेत खर्च करायचा आणि घरी पाटी. म्हणजे घरी काही उरतच नाही हो! आधी कसं होतं, चपला काढता काढता हिची शाळा सुरू व्हायची. चित्रकलेचे सर कसे नाकातून बोलतात, गणिताच्या बाई ‘मी काही बोलणार नाही’ म्हणून सुरुवात करून मधली सुट्टी संपेपर्यंत कशा बोलतात, पीटीचे सर शिट्टी तोंडात ठेवूनच कसे शिंकतात... सगळं आवाज काढून, साभिनय! मी त्या माणसांना कधी पाहिलेलं नाही, पण गर्दीत मागून आवाज आला तरी ओळखेन. आणि आता? ही येते, गरम पाण्याच्या गुळण्या करते, खिडकीशी वह्या तपासत बसते, आणि मी फ्रिजची घरघर ऐकतो. ऑफिसातला एक जण म्हणाला, ‘नशीबवान आहेस लेका.’ त्या दिवसापासून मी त्याच्याबरोबर डबा खात नाही. मला करमत नाही, सरळ सांगतो. घर खायला उठतं. म्हणून तर दिसेल त्याला पकडून असा बोलत बसतो, आज तुम्ही सापडलात.

तर, उपाय काय? तास कमी करायचे. हिला भाषेचे तास आहेत ते आहेतच, पण वर ते फुटकळ तास... म्हणजे मुलं वाचनालयात नेऊन बसवा, मैदानावर लक्ष ठेवा, रिकामा वर्ग सांभाळा. यात शिकवणं काही नाही, नुसतं ‘ए, खाली बस’, ‘ए, उतर तिथून’! घसा जातो तो यातच जातो. आता हे तास सगळ्या शिक्षकांनी सारखे वाटून घ्यायचे असा शाळेचा नियम, आणि हिच्याकडे बघावं तर ढीग. ही गेली मुख्याध्यापकांकडे, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. मुख्याध्यापक चांगले गृहस्थ आहेत, चष्मा कपाळावर ठेवून टेबलभर चष्मा शोधतात, मनात काही नाही. पण त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. म्हणाले, ‘बाई, मी कोण कमी करणारा? वाटणी कॉम्प्युटर करतो. त्याला ना भाऊ, ना मेव्हणा, ना पुतण्या. आज तुमचे काढले तर उद्या माझ्या दाराशी रांग लागेल. कॉम्प्युटर म्हणेल ते मला मान्य!’

आणि हा कॉम्प्युटर कुठला? आमच्या घरातला! आणि त्यातला वेळापत्रकाचा प्रोग्राम कुणी लिहिला? मीच!

लग्नाच्या आधीची गोष्ट ती. ही शाळेत नवीन लागली होती, आणि तिथे वेळापत्रक म्हणजे टेबलाएवढा कागद, मूठभर खोडरबर आणि आठवडाभर भांडणं. लोक मुलीला फुलं देतात. मी वेळापत्रक दिलं! शिक्षकांची नावं भरा, वर्ग भरा, विषय भरा, बटण दाबा, की खरखरखर कागद बाहेर. ही खूश. आईवडिलांना जाऊन म्हणाली, मुलगा दिसायला यथातथाच आहे पण कामाचा आहे. लग्न झालं. म्हणजे आमचा संसार त्या प्रोग्रामवर उभा आहे असं म्हटलं तरी वावगं होणार नाही. तेव्हापासून दर सत्राच्या सुरुवातीला ही कॉम्प्युटरसमोर बसते, बटण दाबते, कागद शाळेत नेते. मी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. कशाला बघायचं? चालत होतं हो, चांगलं चालत होतं!

आता इथे जरा लक्ष द्या, कारण इथून डोकं फिरायला सुरुवात होते. तो प्रोग्राम ज्या भाषेत लिहिलाय, तिची तेव्हाची जी आवृत्ती होती तिला आपण थोरली म्हणू. पुढे त्या भाषेच्या कर्त्या मंडळींना वाटलं, आपलं जरा चुकलंच. काढली नवी आवृत्ती. ती धाकटी. नाव तेच, चेहरामोहरा तोच, पण थोरलीसाठी लिहिलेलं धाकटीला चालेल तर शपथ! थोरलीला नुसतं ‘छाप’ म्हटलं की छापायची बिचारी. धाकटीला काय छापायचं ते कंसात घालून द्यावं लागतं, मानानं! कंस नसला की पाय आपटून उभी राहते, म्हणते तुम्ही काय बोलताय तेच मला कळत नाही. अगं, कळत कसं नाही? काल थोरलीला कळत होतं ना? नाही म्हणजे नाही.

बरं, ऑफिसात सगळे धाकटीवर गेलेले. घरून काम करायचं तर घरच्या कॉम्प्युटरवर धाकटी आणणं भाग होतं. आणली. वाटलं, राहतील गुण्यागोविंदानं, जागा आहे, कुणी कुणाच्या अध्यात ना मध्यात. अहो, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात ते काय उगाच? तुम्ही विचाराल भांडण कशावरून? हाकेवरून! कॉम्प्युटरला आपण भाषेच्या नावानं हाक मारायची, आणि दारातल्या रांगेत जी पुढे उभी असेल ती ‘आले’ म्हणत येते. दोघींचं नाव एकच ना! ऑफिससाठी मी धाकटीला पुढे उभी केलेली. हिच्या प्रोग्रामसाठी हाक मारावी तर धाकटीच हजर, आणि थोरलीचं लिखाण बघून नाक मुरडते. थोरलीला पुढे आणावं तर ऑफिसचं काम ठप्प, तिकडून साहेबांचा फोन, की काय हो, झोपलात का?

तर शनिवारी दुपारी ही पाटी घेऊन आली. सोमवारी नवं सत्र. रविवारी संध्याकाळी वेळापत्रक मुख्याध्यापकांच्या घरी पोचवायचं, आणि एकदा का ते फळ्यावर लागलं की सत्र संपेपर्यंत त्यातला काना हलत नाही. म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेली सहामाही ती हीच! आत्ता तास उतरले तर घसा वाचला, नाहीतर सुरी. म्हणून ‘हातानंच कर’. आणि मी शहाणा काय म्हणालो? म्हणालो छे, हातानं म्हणजे लबाडी झाली, उद्या कुणी विचारलं तर तू काय तोंड दाखवशील? मी प्रोग्राममध्येच सोय करतो, ज्याची डॉक्टरची चिठ्ठी असेल त्याला तास कमी. आणि बसलोच आहे तर सगळं धाकटीवर नेऊन ठेवतो, कायमची कटकट मिटेल. हिनं पाटी पुसली. काहीतरी लिहायला गेली, मग लिहिलं नाही. परत पुसली, नुसतीच, कोरडी.

बसलो. सुरू केलं. पहिल्याच ओळीला धाकटी अडली. म्हटलं आपण जाणत्याला विचारू. ऑफिसात आमच्या शेजारी बसतात एक, त्यांना सगळे आवृत्तीबुवा म्हणतात, कारण त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीची परवा आलेली आवृत्ती असते. केला फोन. ते काय हसले! ‘अरे, तू अजून आवृत्त्या उघड्यावर ठेवतोस? अंगणात? प्रत्येक प्रोग्रामला वेगळी खोली द्यायची, आत त्याची त्याची आवृत्ती, दाराला कडी. कोण कोणाला दिसत नाही, मग भांडतील कशा?’ मला पटलं. खरंच पटलं! म्हटलं खोल्या बांधतो कोण? तर त्याचं एक वेगळं साधन असतं. ते साधन ठेवायला आणखी एक साधन, कारण त्या साधनाच्याही आवृत्त्या असतात. ठीक आहे, तेही आणलं. आणि ते साधन मला काय म्हणालं असेल? म्हणे तुमच्याकडची धाकटी फार म्हातारी झाली, मला धाकटीच्या पाठची पाहिजे! म्हणजे आणखी एक? आता दोघींचं मिटवायला बसलो होतो आणि घरात तिसरी आली, शेंडेफळ!

बरं आली तर आली. खोल्या बांधल्या. एका खोलीत थोरलीला बसवलं, प्रोग्राम तिच्या हवाली केला, हाक मारली... चालला! तुम्हाला सांगतो, मी खुर्चीतून उठलो, बाहेर जाऊन हिला अंगठा दाखवला, परत आलो, बटण दाबलं तर बंद. का? कळेना. दुरुस्ती केली, बंद. आणखी केली, तरी बंद. दुपारभर हेच. मग चहाच्या वेळी लक्षात आलं की पडद्यावर दोन खिडक्या उघड्या आहेत, एकसारख्या, काळ्या. एकीत थोरली, दुसरीत शेंडेफळ. आणि मी दुरुस्ती करत होतो एकीत आणि चालवून बघत होतो दुसरीत! आता हे तुम्ही हसताय, पण या धंद्यातल्या कुणालाही विचारा, ज्यानं हे केलं नाही तो खोटं बोलतोय.

डोकं तापलं. वेळ चाललेला. दर थोड्या वेळानं ही दारात येऊन बघून जायची, पाटीही आणायची नाही, नुसती बघायची. आणि डोकं तापलं की माणसाला जे सुचतं ते नेमकं सुचू नये तेच असतं. म्हटलं, या सगळ्याच्या मुळाशी कोण? थोरली! तीच नसली तर? हाक मारली की धाकटी येईल, प्रोग्राम तिच्यासाठी नवा लिहून टाकू, संपली कटकट. दिला हुकूम, थोरलीला काढ. कॉम्प्युटर भला, त्यानं विचारलं, तिच्याबरोबर हे हे सगळं जाईल, चालेल का? आणि खाली भली लांबलचक जंत्री. आता एवढं कोण वाचतं? म्हटलं चालेल.

पहिल्यांदा खालची पट्टी गेली. मग घड्याळ गेलं. मग पडद्यावरची चित्रं एकेक करून, पाहुणे उठून जावेत तशी. शेवटी उरला तो बाण. नुसता पांढरा बाण, काळ्याभोर पडद्यावर, इकडून तिकडे, तिकडून इकडे... मी माऊस हलवतोय म्हणून हलतोय, बाकी त्याला जायला जागा नाही. अहो, कॉम्प्युटरचं सगळं घरकाम गुपचूप थोरलीच करत होती! दिवा लावणं तिच्याकडे, खिडक्या उघडणं तिच्याकडे, प्रिंटरला उठवणं तिच्याकडे. मला वाटत होतं ती नुसती माझ्या प्रोग्रामपुरती कोपऱ्यात बसून आहे. आणि धाकटी? धाकटीला यातलं काही येत नाही, तिला कंस पाहिजेत!

ही आली. बाणाकडे बघितलं. मग जाऊन पाटी आणली आणि लिहिलं, ‘चालत होतं.’ बस्स. चांगलं चालत होतं असंही नाही. मी म्हटलं, उद्या सकाळी सगळं जागच्या जागी येईल, प्रोग्राम वेगळा जपून ठेवलाय, तू काळजी करू नकोस. तिनं मान हलवली आणि हात गळ्यावर ठेवला. मुद्दाम नाही हो, आपला सवयीनं. पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळपासून कॉम्प्युटर पुन्हा नव्यानं मांडला. थोरलीला हात जोडून परत आणलं, म्हटलं बाई, तू आपली घरकाम बघ, मी तुझ्या वाटेला जात नाही. शेंडेफळाला काढलं. आणि प्रोग्राम धाकटीच्या पुढ्यात घेऊन बसलो. आता मागे फिरायला वाट नव्हती, सगळ्या खोल्या मोडल्या होत्या. ओळीमागून ओळ कंस घालत गेलो. जेवायला बोलावलं, गेलो नाही. संध्याकाळ डोक्यावर आलेली, आणि शेवटचा कंस घातला, बटण दाबलं, आणि पहिली ओळ छापली गेली! काय छापलं? ‘प्रत्येकी फुटकळ तास: साडेतीन.’ आणि बाईसाहेब तिथेच थांबल्या.

साडेतीन? मला हसूच आलं. अर्धा तास कसा देणार? चित्रकलेच्या सरांनी अर्ध्यातच ब्रश खाली ठेवायचा? पीटीच्या सरांनी अर्धीच शिट्टी वाजवायची? म्हटलं, या धाकटीचं हे नेहमीचंच. थोरलीला भागाकार दिला की ती वरचे अर्धेमुर्धे झटकून टाकते, पूर्ण आकडा देते, विषय संपला. धाकटी दाण्यादाण्याचा हिशेब ठेवते. हे तर या धंद्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे, मलाही माहीत होतं. मी पुढची ओळ दुरुस्त करायला घेतली... आणि हात तसाच राहिला. म्हटलं, थोरली झटकून टाकत होती ते अर्धे जायचे कुठे?

बघा हं. त्रेसष्ट फुटकळ तास, अठरा शिक्षक. थोरली म्हणणार प्रत्येकी तीन. तीन अठरा चोपन्न. राहिले किती? नऊ. त्या नवांचं काय करायचं याची मी त्या काळी एक ओळ लिहिलेली. पोरीवर छाप पाडायच्या घाईत लिहिलेली, की उरलेसुरले असतील ते यादीतल्या शेवटच्या नावाला देऊन टाक. मला वाटलेलं, उरून उरून किती उरतील, एखादा. आणि यादीत शेवटचं नाव कुणाचं? शाळेत सगळ्यात नवीन जी होती तिचं! पुढे कितीतरी नवे शिक्षक आले, पण त्यांची नावं ही वरच घालत गेली. का? तर शेवटची ओळ हलवू नकोस हं, प्रोग्राम रुसतो, असं मीच तिला सांगून ठेवलेलं.

आणि तुम्ही म्हणाल, इतक्या वर्षांत शिक्षक खोलीत एकालाही दिसलं नाही? इतरांना तीन आणि एकीला बारा? दिसलं की! दिसलं म्हणून तर बोलले नाहीत.

चालत होतं म्हणे. चांगलं चालत होतं म्हणे! अहो, कुणाच्या घशावर चालत होतं? दर सत्राला ही हातानं बटण दाबत होती आणि मी लांबूनच म्हणत होतो, बघ, कसं निःपक्षपाती वाटतं बघ. आता मी म्हणेन भाषेनं केलं, आणि ते काही खोटं नाही, भागाकार थोरलीनंच केला. पण थोरलीला तरी काय म्हणणार? तिला जे सांगितलं ते तिनं केलं. उठून बाहेर गेलो, ही खिडकीशी, आणि मी सगळं सांगितलं, अठरा, त्रेसष्ट, नऊ, शेवटचं नाव... हिनं शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं धक्का बसला असेल. पाटी घेतली, लिहिलं, ‘संध्याकाळच्या आत होईल ना?’

झालं. अर्ध्या शिक्षकांना एका आठवड्याला चार, पुढच्या आठवड्याला तीन, उरलेल्यांना उलटं. चिठ्ठीची सोयसुद्धा लागली नाही, हिच्या बारा तासांचे साडेतीन नुसत्या सरळ भागाकारानंच झाले. प्रिंटर खरखरला, कागद घेऊन मी स्वतः मुख्याध्यापकांच्या घरी धावत गेलो, आणि त्यांनी तो कपाळावरच्या चष्म्यासकट वाचला, म्हणजे वाचलाच नाही, आणि सोमवारी फळ्यावर लावला.

आणि मग तुम्ही शाळेत असायला हवं होतं! मला हे सगळं त्या दिवशी पाटीवरून कळलं, दोन्ही बाजू भरल्या, कडेच्या लाकडावरसुद्धा लिहिलं हिनं. एका आठवड्याआड एकेकाचा तास वाढलेला! गणिताच्या बाई म्हणाल्या मी काही बोलणार नाही, आणि मधली सुट्टी गेली. पीटीच्या सरांचं म्हणणं पडलं की नवीन आवृत्तीत चूक आहे, जुनी परत आणा. चित्रकलेचे सर नाकातून म्हणाले, ‘चालत होतं की, चांगलं चालत होतं!’ सगळे मिळून गेले मुख्याध्यापकांकडे. आणि ते काय म्हणणार? त्यांच्याकडे वाक्य एकच! कॉम्प्युटरला ना भाऊ, ना मेव्हणा. त्याच वाक्यानं हिला परत पाठवलं होतं, त्याच वाक्यानं सतरा जणांना परत पाठवलं. देवमाणूस हो!

पुढे हळूहळू घसा सुधारला. डॉक्टरांनी परत नळी घातली, म्हणाले घट्टे मऊ पडलेत, सुरी राहू द्या, आता घरीसुद्धा थोडं थोडं बोलायला हरकत नाही. त्या संध्याकाळी मी ऑफिसातून लवकर आलो. फ्रिज बंदच करून टाकला, मेला मध्ये घरघरायला नको. समोर बसलो. माझ्या मनात काय होतं सांगू? वाटत होतं पहिला शब्द माझ्याबद्दल असेल. नाही म्हटलं तरी दोन दिवस उपाशी झटलो होतो, शोधून काढलं होतं, घसा वाचवला होता. ही पाणी प्यायली. घसा साफ केला. आवाज अजून खरखरीत, पण तिचाच, तोच.

म्हणाली, ‘एक सांगू? मला माहीत होतं.’

म्हटलं काय माहीत होतं?

‘उरलेले सगळे माझ्याकडे येतात ते. दुसऱ्याच सत्रात कागदावर मांडून बघितलं होतं मी. पाचवीचा भागाकार आहे.’

अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? आवाज होता तेव्हा बोलली का नाहीस?

माझ्याकडे बघितलं तिनं. रागानं नाही हो, मायेनंच. म्हणाली, ‘बोलले असते तर तू दुरुस्त करायला बसला असतास. त्यापेक्षा तास घेणं सोपं होतं.’

माझा घसा ठणठणीत आहे, कुणाही डॉक्टरला दाखवा... पण त्या दिवशी आवाज फुटला नाही तो नाहीच.